साठा दुप्पट झाला, तरी मागितलेली वस्तू नसते: नागपूरजवळ वाडीला मोठे गोदाम घ्यावे का?

प्रश्न
विचारणारा: कृषिपंपांच्या सुट्या भागांचा घाऊक विक्रेता, नागपूर

नमस्कार. नागपुरात सेंट्रल अॅव्हेन्यूलगतच्या गल्लीत आमचे कृषिपंपांच्या सुट्या भागांचे घाऊक दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले आणि गेली नऊ वर्षे मी व माझा धाकटा भाऊ ते सांभाळतो. सबमर्सिबल पंपांचे इम्पेलर, बुश, थ्रस्ट बेअरिंग, कपलिंग, वाइंडिंगची तार, स्टार्टर, कपॅसिटर असा आमचा माल आहे. तो मुख्यतः कोइम्बतूर आणि राजकोट येथून येतो, आणि काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी, सावनेर, उमरेड, हिंगणघाट या भागांतील साधारण सव्वाशे दुकानदार व पंप दुरुस्त करणारे मिस्त्री तो आमच्याकडून नेतात.

अडचण अशी आहे की तीन वर्षांपूर्वीच्या तुलनेत आमच्याकडील साठ्याची किंमत जवळपास दुप्पट झाली आहे, विक्री मात्र त्या मानाने पुष्कळच कमी वाढली आहे. आणि एवढा माल असूनही एखाद्या दुकानदाराने फोनवर सहा वस्तू मागितल्या, तर त्यांतली एखादी नेमकी संपलेली असते. त्याला ती त्याच दिवशी हवी असते, कारण शेतातला पंप बंद पडलेला असतो आणि शेतकरी मिस्त्रीच्या दारात उभा असतो. मग उरलेल्या पाच वस्तूही तो दुसरीकडून घेतो.

त्यात पैशांची ओढाताण वाढली आहे. आमचे बहुतेक पुरवठादार लघुउद्योग आहेत आणि पूर्वी त्यांची बिले आम्ही तीन महिन्यांनी देत असू. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४३बी(एच) कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाल्यानंतर सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्याच वर्षी त्या खर्चाची वजावट मिळते. लहान कारखानदारांना वेळेवर पैसे मिळावेत हे योग्यच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आमचे दुकानदार कापसाचे किंवा संत्र्याचे पैसे हाती आल्यावर बिल चुकते करतात, त्यामुळे मधला सगळा भार बँकेतील आमच्या कॅश क्रेडिट (उचल) खात्यावर पडतो आणि पडून असलेल्या प्रत्येक पेटीवर आम्ही व्याज भरत राहतो.

घरात दोन मते आहेत. भावाचे म्हणणे, वाडीला मोठे गोदाम भाड्याने घ्यावे. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, ४४ आणि ५३ क्रमांकाचे राष्ट्रीय महामार्ग येथे मिळतात, आता समृद्धी महामार्गही झाला आहे, तेव्हा पुढील काळ गोदामांचाच आहे. वडिलांना वाटते की विक्रीचा मोठा भाग वरुड-मोर्शीकडे जातो, म्हणून वरुडला छोटी शाखा काढावी. दसऱ्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे. मला मात्र दोन्हींपैकी काहीही करण्याआधी एवढे समजून घ्यायचे आहे की साठा वाढवूनही माल कमी का पडतो. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर १
साहित्य व्यवस्थापनातून निवृत्त, बुटीबोरी

आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे साहित्य विभागात काम केले. गोदामाचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा वाढली की माल वाढतो हे मी प्रत्येक विस्ताराच्या वेळी पाहिले. मागितलेली वस्तू हाती असण्याचे प्रमाण जागेमुळे वाढलेले एकदाही पाहिले नाही.

दुकानातला सगळा साठा एकाच कारणाने जमा होत नाही. काही माल एकदम घाऊक मागवल्यामुळे साठतो आणि शेवटची पेटी विकली जाईपर्यंत पडून राहतो. काही आपण हंगामासाठी आधीच भरून ठेवतो. आणि काही केवळ अनिश्चिततेपोटी ठेवलेला असतो, म्हणजे विक्री अचानक वाढली किंवा गाडी उशिरा आली तर हाताशी असावा म्हणून. यालाच सेफ्टी स्टॉक म्हणतात. आपली तक्रार या शेवटच्या भागाविषयी आहे, पण एकदम घेतल्यास सूट मिळते म्हणून आपण बहुधा पहिला भाग वाढवत गेला आहात. साठा दुप्पट होऊनही वस्तू नसणे यामुळेच शक्य होते.

हा सेफ्टी स्टॉक कशावर ठरतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा थ्रस्ट बेअरिंगचे रोज सरासरी १० संच विकले जातात आणि रोजच्या विक्रीचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वरखाली होणाऱ्या चढउताराचे माप, ४ आहे. मागणी नोंदवल्यापासून माल दुकानात येईपर्यंत सरासरी १२ दिवस लागतात, परंतु कधी सहा दिवसांत येतो तर कधी वीस लागतात, म्हणून या अवधीचे प्रमाण विचलन ५ दिवस धरू. आता अवधीच्या सरासरीला विक्रीच्या विचलनाच्या वर्गाने गुणावे, म्हणजे १२ गुणिले १६, अर्थात १९२. त्यात सरासरी विक्रीचा वर्ग गुणिले अवधीच्या विचलनाचा वर्ग मिळवावा, म्हणजे १०० गुणिले २५, अर्थात २,५००. बेरीज २,६९२ झाली. तिचे वर्गमूळ सुमारे ५२. शंभर खेपांपैकी पंचाण्णव वेळा नवा माल येईपर्यंत जुना पुरला पाहिजे अशी अपेक्षा असेल, तर ५२ ला १.६५ ने गुणावे. उत्तर सुमारे ८६ संच येते. याचा अर्थ, दुकानातला व वाटेतला माल मिळून बारा दिवसांच्या विक्रीचे १२० अधिक ८६, म्हणजे २०६ संचांवर आला की पुढची मागणी गेली पाहिजे.

त्या बेरजेतील १९२ आणि २,५०० हे दोन आकडे कृपया पुन्हा पाहावेत. गिऱ्हाईक कधी किती मागेल याची चिंता आपण सर्वजण करतो, पण या उदाहरणात त्या चिंतेचा वाटा किरकोळ आहे. विक्रीतील चढउतार निम्मा केला, तरी सेफ्टी स्टॉक ८६ वरून केवळ ८३ वर येतो. माल सरासरी १२ ऐवजी ८ दिवसांत येऊ लागला, पण त्याचा बेभरवसा तसाच राहिला, तर तो ८५ होतो. मात्र माल १२ दिवसांतच येऊ दे, परंतु भरवशाने येऊ दे, म्हणजे विचलन ५ वरून २ दिवसांवर येऊ दे, तर तोच आकडा ४० वर उतरतो. लवकर येणाऱ्या मालापेक्षा ठरल्या दिवशी येणारा माल आपले अधिक पैसे वाचवतो, आणि मी नोकरीत हे फार उशिरा शिकलो याची मला खंत आहे.

हे सूत्र रोज विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी आहे. वर्षातून चार नग जाणाऱ्या वस्तूला ते लावू नये. तिथे एक नग ठेवावा, किंवा ठेवू नये आणि तसे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

यासाठी एक जुनी आणि साधी सवय लागेल. बिलाच्या संगणकात केवळ जे विकले गेले तेच असते; जे मागितले आणि मिळाले नाही ते कुठेच नसते. म्हणून फोनजवळ एक वही ठेवावी आणि ज्या वस्तूला ‘नाही’ म्हणावे लागले तिचे नाव, आकार, नग आणि तारीख तेवढी लिहावी. चार आठवड्यांत ही वही आपल्याला असे काही सांगेल, जे महागडी संगणक प्रणालीही सांगू शकणार नाही.

आता दोन्ही पर्यायांविषयी. वरुडला शाखा काढून साठा दोन ठिकाणी विभागला, तर दोन्हीकडची अनिश्चितता स्वतंत्रपणे सांभाळावी लागते. दोन्ही भागांतील मागणी सारखी आणि एकमेकींवर अवलंबून नसलेली मानली, तर एकूण सेफ्टी स्टॉक दोनच्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. त्या बदल्यात गिऱ्हाइकाच्या जवळ गेल्याचा लाभ मिळतो, हे खरे. पण सगळा माल दोन्हीकडे ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही.

देशाच्या मध्यावर असण्याचा मुद्दा मला अधिक काळजीपूर्वक तपासावासा वाटतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी आंतरराज्य विक्रीवर २ टक्के केंद्रीय विक्रीकर लागत असे आणि त्याची वजावट खरेदीदाराला मिळत नसे. तो टाळण्यासाठी मोठ्या कंपन्या राज्याराज्यांत डेपो ठेवत आणि माल विकल्याचे न दाखवता स्वतःच्याच डेपोत पाठवत. नव्या करात ते कारण संपले. मग अंतर आणि वाहतूकखर्च पाहून मोजकी मोठी गोदामे ठेवणे शक्य झाले आणि ज्यांना दिल्ली, मुंबई, हैदराबाद, कोलकाता अशा सर्व दिशांना माल पाठवायचा आहे त्यांच्यासाठी नागपूरचे महत्त्व वाढले. ते महत्त्व खरे आहे आणि नागपूरकर म्हणून मला त्याचा आनंद आहे. परंतु आपली गिऱ्हाइके दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. झिरो माइलचा दगड आपल्या दुकानापासून किती जवळ आहे यावर काटोलच्या मिस्त्रीला बुश वेळेवर मिळणे अवलंबून नाही.


उत्तर २
पार्टलोड मालाचे बुकिंग कार्यालय, वाडी

वरील उत्तरात ज्या बारा दिवसांचा उल्लेख आहे ते कुठे जातात, हे मी माझ्या बाजूने सांगतो, कारण हा माल अनेकांच्या पेट्या एकाच गाडीतून पाठवणाऱ्या आमच्यासारख्यांच्याच हातून येतो. कोइम्बतूरहून सेलम, बंगळुरू, हैदराबाद, आदिलाबाद या मार्गाने नागपूर सुमारे चौदाशे किलोमीटर आहे. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या कर खात्याच्या वाहतूक परवान्याची, मुदतही १ जानेवारी २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी आहे, म्हणजे एवढ्या अंतराला कायद्यानेच साधारण सात दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात भरलेली गाडी मध्ये कुठे रिकामी करावी लागली नाही, तर चौथ्या दिवशी वाडीत उभी राहते. उरलेले सगळे दिवस चाक फिरत नसताना गेलेले असतात.

आपल्या दहा-वीस पेट्यांसाठी स्वतंत्र गाडी कोणी लावणार नाही. त्या बुकिंग कार्यालयात येतात आणि त्या दिशेची गाडी भरेपर्यंत थांबतात. मग त्या एखाद्या मोठ्या केंद्रात उतरतात, तेथे गावानुसार वेगळ्या होतात आणि नागपूरच्या गाडीत चढतात. प्रत्येक चढउतारीत एक-दोन दिवस जातात, आणि पेट्या फुटण्याचा व चुकीच्या गाडीत जाण्याचा धोकाही तेथेच असतो. महिनाअखेरीस परिस्थिती सर्वांत वाईट असते, कारण विक्रीचे महिन्याचे लक्ष्य पुरे करण्यासाठी बहुतेक कारखाने शेवटच्या आठवड्यात माल बाहेर काढतात आणि सगळ्यांच्या पेट्या एकाच वेळी गोदामात येऊन पडतात. पंचवीस तारखेनंतर बुक झालेला माल हाच बहुधा आपला वीस दिवस लागलेला माल असेल.

गाडी नागपूरकडे यायला किती राजी आहे, हे परतीच्या भाड्यावरही ठरते. संत्र्याचा हंगाम जोरात असतो तेव्हा नागपूरच्या कळमना बाजारातून आणि वरुड पट्ट्यातून दक्षिणेकडे परतीचा माल लगेच मिळतो. पावसाळ्यात तो मिळेलच असे नसते, आणि मग गाडीवाला भाडे वाढवून मागतो किंवा दोन दिवस थांबतो. यात कोणाची लबाडी नाही. रिकामी गाडी परत नेली तर डिझेलचे पैसेही त्याच्या अंगावर पडतात.

माझी विनंती अशी की मागील सहा महिन्यांच्या प्रत्येक खेपेच्या चार तारखा काढाव्यात: आपण मागणी दिली ती, पुरवठादाराच्या बिलावरची, आमच्या बिल्टीवरची (माल वाहतुकीला दिल्याच्या पावतीवरची) आणि माल दुकानात उतरला ती. दोष द्यायला सर्वांत सोपा वाहतूकदार असतो. पण मागणी आणि बिल्टी यांमध्येच आठवडा गेलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. शिवाय माल वाडीला येऊन पडल्यावर, आणखी पेट्या आल्या की एकाच टेम्पोत नेऊ, असे म्हणून गिऱ्हाईकच तो दोन-तीन दिवस उचलत नाही. शहरात जड वाहनांवर वेळेचे निर्बंध असल्याने आम्ही तो दुपारी आपल्या दारात आणून देऊ शकत नाही.

उपाय एकच सुचवतो. कोइम्बतूरमध्ये आपले तीन-चार पुरवठादार असतील तर प्रत्येकाचा माल वेगळ्या दिवशी, वेगळ्या बिल्टीने आणू नये. आठवड्यातील एक वार ठरवावा, सर्वांनी त्या दिवशी एकाच ठिकाणी माल आणून द्यावा, आणि आठ-दहा क्विंटलचा एकत्र माल थेट नागपूरच्या गाडीत चढवावा. भाडे थोडे जास्त पडेल. पण वार ठरलेला असेल, आणि आमच्या बाजूनेही ठरलेल्या मालासाठी गाडीत जागा राखून ठेवणे सोपे जाते.


उत्तर ३
पंप विक्री व दुरुस्ती, वरुड

मी नागपूरच्या दोन घाऊक विक्रेत्यांकडून असाच माल घेतो, म्हणून दुकानदाराच्या बाजूने लिहितो. आपण ज्याला मागणी समजता ती पुष्कळदा मागणी नसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी जानेवारीत मला बुशचे वीस संच हवे होते. आधीच्या दोन वेळी मागितल्याच्या निम्मेच मिळाले होते, म्हणून मी चाळीस लिहून दिले, आणि खात्रीसाठी दुसऱ्या विक्रेत्यालाही चाळीस लिहून दिले. इथल्या ओळखीच्या दुकानदारांनीही तेच केले. पंधरा दिवसांनी दोघांकडूनही सगळा माल आला. त्यानंतर एप्रिलपर्यंत मी एकही संच मागवला नाही, आणि उरलेला परत घ्या म्हणून मागे लागलो ते वेगळेच. यात माझे वर्तन योग्य होते असे मी म्हणत नाही. पण माल मिळेल याचा भरवसा नसताना प्रत्येक दुकानदार असेच वागतो. ‘दहावर एक मोफत’ सारखी योजना आली की तीन महिन्यांचा माल एकदम उचलतो, तेही तसेच.

दुसरी गोष्ट बागायतीची आहे, आणि नागपुरात बसून ती कदाचित लक्षात येत नसेल. आंबिया बहरासाठी, म्हणजे हिवाळा संपताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, आमच्याकडे संत्र्याच्या झाडांना डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतात. ताण पूर्ण झाला की सगळ्या बागा थोड्याच दिवसांच्या अंतराने पाण्यावर येतात. महिनाभर बंद असलेले पंप एकदम सुरू होतात, आणि जे बिघडायचे ते त्याच आठवड्यांत बिघडतात. पुढे मार्चपासून पाणी खोल जाते आणि कोरडे चालून बुश व थ्रस्ट बेअरिंग जातात. वरुड तालुक्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक आहे, हे शासकीय भूजल मूल्यांकनातही नोंदलेले आहे. बोअर कित्येक शे फूट खोल गेले आहेत. म्हणून एकदा पंप वर काढला की मिस्त्री एकच भाग बदलत नाही. पंप काढण्या-सोडण्याचा खर्च मोठा असल्याने तो बुश, इम्पेलर, थ्रस्ट बेअरिंग, कपलिंग असे सगळे एकदम बदलतो. त्यातला एक भाग नसेल तर बाकीचे घेऊन त्याला काहीच उपयोग नाही. आपल्याकडून उरलेल्या पाच वस्तूही कोणी घेत नाही, त्याचे कारण हे आहे. ती नाराजी समजू नये.

एक सावधगिरी. शासनाच्या योजनेतून बसणाऱ्या सौर पंपांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते आणि त्यांचे काम पुरवठादार कंपनीच पाहते. लहान अश्वशक्तीच्या पंपांचे स्टार्टर आणि कपॅसिटर आमच्याकडे आता पूर्वीसारखे जात नाहीत. ते मोठ्या प्रमाणात भरून ठेवू नयेत.


उत्तर ४
साहित्य व्यवस्थापनातून निवृत्त, बुटीबोरी

वरुडच्या दुकानदारांनी जे लिहिले आहे त्यामुळे माझ्या पहिल्या उत्तरातील एक मोठी उणीव भरून निघाली, त्याबद्दल त्यांचे आभार. मी विक्रीतील चढउतार दिलेला आकडा मानून पुढे गेलो होतो. तो चढउतारच कसा तयार होतो हे त्यांनी दाखवले.

या घटनेला बुलव्हिप, म्हणजे चाबकाचा परिणाम म्हणतात, कारण मुठीची हालचाल लहान असली तरी चाबकाचे टोक जोरात फिरते. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्येच पुरवठ्याच्या साखळीतील अशा वाढत जाणाऱ्या हेलकाव्यांचे विश्लेषण केले होते. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला लहान मुलांच्या डायपरबाबत हेच आढळले: बाळांची गरज जवळपास स्थिर होती, दुकानांतील विक्रीही फारशी हलत नव्हती, पण वितरकांच्या मागण्या आणि कंपनीने कच्च्या मालासाठी दिलेल्या मागण्या मात्र मोठे हेलकावे खात होत्या. हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या अभ्यासकांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणे मांडली. आलेल्या मागणीवरूनच पुढचा अंदाज बांधणे, मागण्या साठवून एकदम देणे, योजना आणि सवलतींमुळे किमती खालीवर होणे, आणि टंचाईच्या भीतीने फुगवून मागणे. वरुडच्या एका परिच्छेदात यांतील तीन कारणे आहेत, आणि कोइम्बतूरची महिनाअखेर हे एकदम देण्याचेच उदाहरण आहे.

यावर तोडगा असा, की दुकानदाराची मागणी न विचारता त्याची विक्री विचारावी. निदान मोठ्या पंधरा-वीस दुकानदारांकडून, मोजक्या वस्तूंपुरते, आठवड्यातून एकदा दोनच आकडे घ्यावेत: किती विकले आणि किती शिल्लक आहे. टंचाई आलीच तर माल मागणीच्या प्रमाणात वाटू नये, मागील विक्रीच्या प्रमाणात वाटावा. म्हणजे फुगवून लिहिण्यात कोणाचा फायदा राहणार नाही.

संचाचा मुद्दा तर मी हिशेबात धरलाच नव्हता. सहा वस्तूंपैकी प्रत्येक वस्तू शंभरपैकी पंचाण्णव वेळा हाती असली, आणि त्यांचे असणे-नसणे एकमेकींवर अवलंबून नसले, तरी सहाही एकाच वेळी असण्याची शक्यता सुमारे ७४ टक्केच येते. प्रत्येकी नव्वद वेळा असेल तर ती ५३ टक्क्यांवर उतरते. म्हणजे आपली प्रत्येक वस्तूची नोंद चांगली दिसत असतानाही चारपैकी एक गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ शकते. तेव्हा जे भाग एकत्र जातात त्यांचा एक गट मानावा, त्या गटातील सर्वांत स्वस्त भागही कधी संपू देऊ नये, आणि बुशसारख्या लहान वस्तूत कंजूषपणा करून इम्पेलरचे महाग संच अडकवून ठेवू नयेत.


प्रश्नकर्त्याचे उत्तर, पाच आठवड्यांनी

आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मी आणि भावाने मागील सहा महिन्यांच्या सर्व खेपांच्या चारही तारखा काढल्या आणि चार आठवडे ‘नाही’ची वही ठेवली.

कोइम्बतूरचा माल सरासरी १३ दिवसांत आला. सर्वांत लवकर ७ आणि सर्वांत उशिरा २४ दिवसांत. या १३ पैकी ६ दिवस मागणी आणि बिल्टी यांच्यामध्ये गेले होते आणि जवळपास २ दिवस माल वाडीत आमचीच वाट पाहत पडला होता. हे मान्य करणे जड गेले, पण कागद समोर होते. वहीत एकूण २१२ वेळा ‘नाही’ लिहिले गेले, आणि त्यांपैकी १४० नोंदी केवळ ३८ वस्तूंच्या होत्या. त्या ३८ पैकी बहुतेक बुश, वॉशर आणि कपलिंग अशा कमी किमतीच्या वस्तू आहेत. दुसऱ्या बाजूला, वर्षभरात एकदाही न हललेल्या मालात मोठा वाटा स्टार्टर आणि पॅनेल बॉक्सचा निघाला. तो माल ज्या योजनेच्या लोभाने आम्ही घेतला होता ती योजनाही मला आठवते.

वाडीचे गोदाम आम्ही घेत नाही. भावाचीही आता तीच इच्छा आहे, कारण तारखा त्यानेच काढल्या. वरुडला शाखाही काढणार नाही. त्याऐवजी वरुड आणि मोर्शी येथील दोन विश्वासू दुकानदारांकडे डिसेंबरच्या आरंभी तयार संच जांगड म्हणून ठेवण्याचा विचार आहे, विकले जातील तेवढ्याचेच बिल करायचे. आमच्या कर सल्लागारांनी सांगितले की असा माल डिलिव्हरी चलनावर पाठवता येतो, मात्र पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याचे बिल झाले पाहिजे किंवा तो परत आला पाहिजे. ताण तुटून उन्हाळा लागेपर्यंतचा काळ त्या मुदतीत सहज बसतो. वडिलांना ही व्यवस्था पसंत पडली. त्यांचे म्हणणे मुळात माल वरुडला असावा एवढेच होते.

एक गोष्ट वाडीच्या साहेबांना विचारायची आहे. कोइम्बतूरचे आमचे चारही पुरवठादार एक वार ठरवायला तयार आहेत. कोणता वार ठेवावा?


उत्तर ५
पार्टलोड मालाचे बुकिंग कार्यालय, वाडी

गुरुवार ठेवावा. सोमवारी सकाळी चौघांनाही यादी पाठवली, तर त्यांना माल बांधायला तीन दिवस मिळतात. गुरुवारी दुपारपर्यंत माल बुकिंगला आला की रात्रीच्या गाडीत चढेल आणि सोमवारी सकाळी वाडीत असेल. रविवार वाटेत निघून जातो, त्यामुळे तो वाया जात नाही. शनिवारी बुक केलेला माल मात्र सोमवारपर्यंत तिथेच बसतो. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी गर्दी राहील, म्हणून त्या आठवड्याची यादी एक दिवस आधी, रविवारी रात्रीच पाठवावी आणि मला किती पेट्या आहेत ते मंगळवारी कळवावे. जागा राखून ठेवतो. सोमवारी दुपारी चारच्या आत आपला टेम्पो मात्र आला पाहिजे.